तू व्हय का म्हणालीस

आई, तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. मी सोलापुरातच एका प्रयोगशाळेत काम करते. तुझा जीव घेणाऱ्या क्षयाचे जंतू मी काचेच्या नळीत वाढवते, त्यांची जिवापाड काळजी घेते. तुझी एवढी कुणी घेतली नव्हती.

परवा आमच्या मॅडमनी एक नवी गोष्ट समजावली. एकाच जंतूची सगळी पिल्लावळ, डीएनए अगदी तोच, तरी त्या डीएनएवर बारीक रासायनिक खुणा असतात आणि त्या सगळ्यांच्या अंगावर सारख्या नसतात. खुणेप्रमाणे एखादं जनुक जोरात चालतं, एखादं गप्प बसतं. मग औषधानं बाकीचे मरतात आणि काही चिवट तगून राहतात, असं होऊ शकतं. शोध अजून चालू आहे. म्हणजे गोळ्या नेमानं घेऊनही दुखणं उलटू शकतं. सगळे माना डोलवत होते. मला तिथं बसवेना.

कुंभारीचं आपलं घर. तू उंबऱ्याशी बसलीयेस, मांडीवर बिड्या वळायचं सूप, मी शाळेच्या कपड्यांत पाण्याचा तांब्या धरून उभी. गोळ्या घशाखाली गेल्या की तू तोंड उघडून मला दाखवतेस, मग आत्याला, कारण आत्याचा तुझ्यावर विश्वास नाही. मळमळतं तरी तू पुन्हा सुपावर वाकतेस. कोर्स संपला तेव्हा आपण पेढे वाटले. पुढच्याच हिवाळ्यात खोकल्यातून परत रक्त पडलं.

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "गोळ्या चुकवल्याशिवाय असं होत नाही. खरं सांगा बाई, चुकवल्या ना?"

"व्हय सायेब, चुकल्या असतील."

बाहेर आल्यावर मी तुझा हात हिसडला, तर म्हणालीस, "न्हाय म्हणलं की औषध द्यायला कुरकुर करत्यात. व्हय म्हणलं तर काय बिघडतंय?"

बिघडलं की! तेवढं एक व्हय आत्यानं गावभर केलं. वडील तुझ्याशी धड बोलेनासे झाले. तू गेलीस तेव्हा रडायला आलेल्या बायाही दारात कुजबुजत होत्या, "गोळ्या फेकून देत हुती म्हनं." आणि कारखान्यात माल तपासणाऱ्यानं एखादी बिडी खराब म्हणून बाजूला टाकली की तू काय तोंड सोडायचीस! "माझ्या हातची हाय ती, परत बघा की!" एका बिडीसाठी भांडणारी बाई स्वतःसाठी का भांडली नाही?

गेल्या रविवारी वडिलांना मी हे सगळं समजावून सांगितलं. ते आता थकलेत. म्हणाले, "जंतूचं असंल बी. पन तीच व्हय म्हणली हुती की." मी ताटावरून उठले. त्यांना दाखवायला माझ्याकडे काहीच नाही. तुझ्या छातीतल्या जंतूंवर कुठल्या खुणा होत्या, ते आता कुणीच सांगू शकणार नाही.

या पत्राला पत्ता नाही, ते बरंच आहे. कारण लिहिता लिहिता माझ्या मनात आलं, की सुट्टीत मी मंद्रूपला मामाकडे गेले होते, तेव्हाही तू गोळ्या रोज घेतल्यास ना? एवढं सगळं शिकून, तू समोर असतीस तर मी आधी हेच विचारलं असतं.