हत्तीच्या पिल्लाचा सिनेमा

शनिवार, जेवणं झाल्यावर

आज तुरीच्या शेंगा सोलता सोलता हत्तीच्या पिल्लाचा कार्टून सिनेमा पाहून राहिली होती. पिल्लू मायले शोधत होतं अन् माह्या डोळ्याले धार. सोले कुठं, टरफलं कुठं, भान नाही. तेवढ्यात शेजारची सुनंदा आली. "काहून वं, कार्टून पाहून रडते? केस पिकले ना तुये!" मी फटकन म्हटलं, "मी कायले पाहू? नातीनं लावलं." माही नात परी बिचारी आत अभ्यास करत होती. सुनेनं माहं ऐकून तिलेच धपाटा घातला, टीव्ही बंद केला. पोरीनं माह्याकडं नुसतं पाहिलं, चुगली केली नाही. जेवताना तिच्या भाजीत टरफल निघालं, तेही तिनं गुपचूप ताटाखाली सरकवलं. अन् मेलं मन अजून तिथंच, पिल्लाले माय भेटली का? परीनं तो सिनेमा पुरा पाहिला आहे. पण विचारू कोणत्या तोंडानं?