आठव्या थांब्यावरची खिडकी

४ मार्च
आजही सात जण! कानात इअरफोन, माना वर, डोळे माझ्या खिडकीवर. मी आपली मशीनवर पडद्याची दुमड शिवतेय आणि खाली एक बाई छातीवर हात ठेवून उभी! शेवटी ओरडलेच — काय आहे? तर म्हणे, "इथं ते शिल्पकार वारले ना!" चौतीस वर्षं भाड्यानं राहतेय मी या खोलीत. इथं कोण वारलं ते आता मला रस्त्यावरून कळणार!

५ मार्च
त्या लोकांच्या कानात वाजते ती शहराची फेरी फोनवर उतरवून घेतली. फुकट आहे. आवाज सांगेल तसं चालायचं, थांब म्हटलं की थांबायचं. खोटं कशाला बोलू — आवडलं! पुलाच्या कठड्यावरच्या खाचा होड्यांच्या दोरखंडांनी पडल्यात, हे मला माहीतच नव्हतं. मीही त्यांवरून बोट फिरवलं. आणि मग आठवा थांबा. "आता वर पाहा. तिसरा मजला, हिरवी खिडकी. याच खोलीत त्यांनी शेवटची अकरा वर्षं काढली." वर पाहिलं तर माझा फाटका गाऊन वाळत होता. सगळ्या गावाला दाखवताय ते!

८ मार्च
घरमालक धापा टाकत वर आले. हातात नोटीस. दोन महिन्यांत खोली रिकामी करा, इथं शिल्पकारांचं स्मृतिदालन होणार. "शहराचा वारसा आहे ताई, समजून घ्या." नळ गळतो तेव्हा कुठे जातो हो वारसा? तोंडावर सांगितलं, मी हलणार नाही. गेलेल्या माणसाला उजेड कशाला हवा? मला हवा. मला सुईत दोरा ओवायचा असतो.

९ मार्च
धाकट्या लेकीचा फोन. "या वयात कशाला भांडतेस? ये माझ्याकडे." या वयात नाही तर केव्हा! शिवाय तिच्या मागच्या खोलीला खिडकीच नाही.

१४ मार्च
आमच्या गल्लीत पूर्वी पत्रं वाटायचे त्या पोस्टमनना शोधून काढलं. नव्वदीला टेकलेत, पण बोलणं खणखणीत. "छे छे, ते शिल्पकार शेजारच्या इमारतीत! रस्ता रुंद केला तेव्हा घरांचे नंबर बदलले. त्यांचं जुनं चौदा नंबर म्हणजे आताचं टायरवाल्याचं गोदाम, तुमचं चौदा नवं." लिहून द्याल? लिहून दिलं, खाली सहीसुद्धा केली. मला तर नाचावंसं वाटलं.

१५ मार्च
फेरीच्या ऑफिसात गेले. टेबलामागची मुलगी म्हणाली, "सेवा मोफत आहे आजी, तक्रारीची सोय नाही." आजी कोणाची! आणि मोफत म्हणून काय वाट्टेल ते सांगायचं? खुर्ची ओढून बसले, पिशवीतून शिवण काढली. चार पँटी आखूड करून झाल्या तेव्हा कुठे साहेब केबिनबाहेर आले. पोस्टमनचा कागद दोनदा वाचला. "तपासतो," म्हणाले. तपासा, मी परवा पुन्हा येते.

१७ मार्च
गेले.

१९ मार्च
पुन्हा गेले. आज मुलीनं आपणहून खुर्ची दिली. तिच्या जॅकेटची चेन बसवून दिली.

२ एप्रिल
जिंकले!! रेकॉर्डिंग बदललं. आता मंडळी माझ्या खिडकीखालून सरळ पुढे जातात आणि गोदामापुढे गंभीर चेहऱ्यानं उभी राहतात. टायरवाला वैतागलाय. घरमालकांनी नोटीस मागे घेतल्याचा कागद रखवालदाराच्या हाती पाठवला, स्वतः वर यायची काही छाती झाली नाही. धाकटीला फोन करून सगळं रंगवून सांगितलं.

९ एप्रिल
भिंतीला ओल आली म्हणून मोठं कपाट ओढलं. मी आल्यापासून ते कधी हललं नव्हतं. मागचा रंग पोपड्यासकट खाली आला. आत गिलाव्यात कोरलेले चेहरे — अंगठ्याएवढे, नऊ. खाली शिल्पकारांची सही आणि तारीख. फार सुंदर आहेत. तासभर जमिनीवर बसून बघत राहिले.
मग कपाट जागेवर ढकललं.