दोऱ्याने मोजलेलं अंतर

४ मार्च, सकाळ
दादाचा परदेशातून फोन. बायपास ठरली. दहा तारखेला, सकाळी नऊला. म्हणाला, आत नेण्याआधी तू समोर हवास. साठ वर्षांत थोरल्या भावाने माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं. जायचं म्हणजे जायचं.

दुपार
माळ्यावरून पृथ्वीगोल काढला. धूळ पुसण्यातच निम्मा जीव गेला. या शहरापासून त्या शहरापर्यंत दोरा लावला. साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे १९५० किलोमीटर. विमान ताशी ८५०. दोन तास अठरा मिनिटं. बास. एकतीस वर्षं भूगोल शिकवला, ते काय उगीच?

५ मार्च
मुलगी म्हणाली, बाबा, आदल्या दिवशीच जा. नको म्हटलं. हॉस्पिटलच्या खुर्चीत रात्र काढायला कंबर कुणाची? दहालाच पहाटे साडेपाचचं विमान घेतलं. ७:४८ ला उतरणार. टॅक्सीला वीस मिनिटं. तरी पन्नास मिनिटं हातात.

६ मार्च
तिकीट आलं. पोचायची वेळ १०:१५! सरळ अडीच तास वाढवून लिहिलेत. कंपन्यांची चलाखी. वेळ फुगवायची, मग वेळेआधी पोचवलं म्हणून मिरवायचं. बायको म्हणाली, एकदा विचारून तर घ्या. मुलगी सांगायला लागली, बाबा, तिथलं घड्याळ... म्हटलं, घड्याळाचं मला शिकवू नकोस. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. घरात कुणाला शास्त्राची किंमत नाही.

८ मार्च
दादाने विचारलं, किती वाजता येशील? सव्वाआठला दारात, असं छातीठोक सांगितलं. हसला. आवाज फार थकलेला वाटला. मीही थकलोय. उद्यापासून रोज अर्धा तास चालायचं.

९ मार्च
चाललो नाही. बॅग भरायची होती. बायकोने भरली. मी देखरेख केली. त्यानेही माणूस दमतो.

१० मार्च, विमानात
उतरलो. घड्याळात आठ पाच. दोऱ्यापेक्षा सतरा मिनिटं जास्त, पण चालतंय. तेवढ्यात घोषणा झाली, स्थानिक वेळ सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं.
शेजाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, इथे दोन तास पुढे असतं ना.
रेखांश आणि वेळ. इयत्ता सहावी, धडा तिसरा.

दुपार, हॉस्पिटल
दादा अजून आतच आहे. वहिनींनी सांगितलं, त्याने सगळ्यांना पंधरा मिनिटं थांबवून ठेवलं होतं. म्हणे, भूगोलाचा मास्तर आहे तो, त्याची वेळ चुकायची नाही. नर्सने दोनदा विनंती केली, तेव्हा कुठे नेऊ दिलं. स्ट्रेचरवरून मान वळवून लिफ्टकडे बघत होता.
वहिनींनी विचारलं, भाऊजी, काय झालं हो?
मी म्हटलं, विमान लेट झालं.
विमान दहा मिनिटं आधी उतरलं होतं.