नवरी रुई, आणि नंतर मी

प्रिय अक्का,

उद्या सकाळी भाऊजींचं लग्न आहे. हो, तुझ्याच नवऱ्याचं. नवरी कोण? बांधावरची रुई! हसू नकोस गं. तुला जाऊन पाच महिनेही झाले नाहीत. मला आज तुझी परवानगी हवी आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणी देऊ शकत नाही, म्हणून लिहायला बसले.

तिसरी बायको जगत नाही म्हणतात. भाऊजींची पहिली गेली, दुसरी तू गेलीस. म्हणून तिसरं लग्न रुईशी लावायचं, तिला हळद लावायची, काळे मणी बांधायचे आणि जे काही वाईट व्हायचं ते तिचं होऊ द्यायचं. मग चौथी बिनघोर. चौथी कोण, हे तुला सांगायला नकोच. अक्षय्यतृतीयेला, आपल्या आखाजीला, गेलेल्यांसाठी भरतात तशी तुझ्या नावाची घागर भरायची आणि आठ दिवसांनी मला हळद लावायची, असं ठरलंय.

"त्याले बायको लाभत नही," माय म्हणते. "रुईसंगे लगीन व्हई गयं का बठ्ठं निंघी जाई."

आणि तुझंच बोलणं माझ्यावर उलटवतात. धुळ्याच्या दवाखान्यात शारदाचा हात माझ्या हातात देऊन तू म्हणालीस ना, "मनी पोर आते तुनी शे." तू पोर दिलीस गं! यांनी ती बापासकट दिली असं धरलं. थोडं नीट बोलायचं होतंस की!

खरं सांगू? मी जवळजवळ हो म्हटलं होतं. तुझ्या आजारपणात माझी दोन स्थळं परत गेली. सव्वीस वर्षांची घोडी कोण करून घेणार? आणि भाऊजी काही वाईट माणूस नाहीत. शेवटी शेवटी तू कुणाच्या हातची पेज घेत नव्हतीस, ती त्यांच्या हातची घ्यायचीस. मला वाटलं, शारदाही राहील माझ्याजवळ.

मग मागच्या आठवड्यात तुझी फाईल आणायला धुळ्याला गेले. तुझ्या डॉक्टरीणबाईंनी चहा दिला. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं की तू भाऊजींची दुसरी.

"पहिली कशाने गेली?" त्यांनी विचारलं.

"अंगावरून जायचं म्हणे तिच्या. वास यायचा. वाळत वाळत गेली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मला समजेल असं सांगितलं. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमागे, म्हणजे तुझ्याच दुखण्यामागे, एक विषाणू असतो, असं आता मोठमोठे डॉक्टर सांगताहेत. तो नवरा-बायकोच्या संबंधातून जातो. पुरुषाला बहुतेक काहीच होत नाही, त्याला कळतही नाही. पुष्कळ बायकांच्या अंगातून तो आपोआप निघून जातो. एखादीच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो आणि मग तिथे जखम धरते.

मी विचारलं, "म्हणजे भाऊजींमुळे?"

"तसं खात्रीने नाही सांगता येणार. पण दोघींना एकच दुखणं झालेलं दिसतंय, तर मी डोळेझाकही करणार नाही," त्या म्हणाल्या.

त्यांना खात्री नाही. रुईची मात्र आमच्याकडे सगळ्यांना खात्री आहे! रुईला पिशवी असते का गं, अक्का?

जाताना त्या म्हणाल्या, वेळेवर तपासलं असतं तर वाचली असती. त्यावर मी एसटी स्टँडवर बसून रडले. कारण मला माहीत होतं. आठवतं तुला? दोन वर्षांपूर्वी आपण तुझ्या शेतात कापूस वेचत होतो. तू मान खाली घालून म्हणालीस, "बारके, त्यासनाजोगे गयं का माले रगत दिखस." नवऱ्याजवळ गेलं की रक्त दिसतं म्हणे! मी बिनलग्नाची, मेली लाजले! "काय बाई तू पण," म्हणून पुढच्या ओळीत पळाले. तू मागून म्हणालीस, "कोणले सांगू नको." आणि मी खरंच कुणाला सांगितलं नाही. तुझा उतरलेला चेहरा पाहून मायने उष्णता म्हणून धने-जिऱ्याचं पाणी दिलं, ते तू वर्षभर प्यायलीस. सगळ्या जगात तू मला एकटीला सांगितलं होतंस, अक्का. मला!

घरी येऊन मायला सगळं सांगितलं. तिने आधी दार लावलं. म्हणाली, असलं लोकांत बोललीस तर तुझ्या बहिणीला काय म्हणतील? असले रोग कसल्या बायांना होतात? मेलेल्या लेकराच्या नावाला डाग लावशील का?

तिथेच मी अडकले आहे. नुसतं नाही म्हटलं तर कुणी ऐकत नाही, कारण विचारतात. कारण सांगायचं तर तुझं नाव निघतं. मी वाचायचं, तर तू चव्हाट्यावर! तू आयुष्यात एकाच माणसाला ओळखलंस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तशा बाईलाही हे होतं, त्यात तिचा काही दोष नसतो. पण हे उद्या रुईपाशी जमणाऱ्या माणसांना कोण पटवणार? मी? मला फार भीती वाटते गं. तू असतीस तर तुझ्या पाठीमागे लपले असते.

काल भाऊजींनाच विचारलं, "पहिलीचं नाव काय होतं?" म्हणाले, "सुमन." पंधरा वर्षं तू तिच्या चुलीवर भाकरी थापल्यास, कुणी तिचं नाव काढलेलं ऐकलंस का? तिचंही कुणी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू असतीस.

म्हणून अक्का, रागाव नाहीतर रड, उद्या मी तुझा शब्द मोडणार आहे. रुईला हळद लावायच्या आधी सगळ्यांसमोर सांगेन, तुला काय झालं होतं ते. भाऊजींनाही तोंडावर सांगेन. बोबडी वळली तरी सांगेन. शारदा माझीच आहे, तिला मी शिकवेन आणि मोठी झाली की हेही सांगेन, लाजून पळणार नाही.

आखाजीला मी दोन घागरी भरेन, एक तुझी, एक सुमनची. तिसरी भरायची वेळ येऊ देणार नाही.

तुझं न ऐकणारी,
बारकी