वैद्यबुवाची फी

१४ सप्टेंबर

प्रिय छोट्या,

तुझं पत्र मिळालं. मी बरी आहे. दातांच्या लॅबमध्ये कवळ्यांचं काम तुंबलंय, नखांतलं प्लास्टर आता धुऊनही निघत नाही. शेजारच्या काकू तुझ्यावर फुगल्यात. बाबा गेल्यावर दोन दिवस आलास आणि त्यांना न भेटता गेलास म्हणून. फोनच करणार होते, पण फोनवर मी हवापाण्याच्या गप्पा मारून मोकळी होईन. स्वतःला ओळखून आहे.

तू लिहिलंयस की वैद्यबुवाची महिन्याची फी यापुढे तू भरणार, कारण बाबा तुझ्याशी धड बोलले ते त्या एकाच ठिकाणी. गंमत आहे. याच ऑनलाइन खेळाच्या फीवरून त्यांनी तुझा कॉम्प्युटर जिन्यातून खाली फेकला होता. "हवेला भाडं भरतोय कार्टा," म्हणाले होते. तू त्याच दिवशी घर सोडलंस. नंतर बारा वर्षं त्यांनी तुला फोन केला नाही आणि तू त्यांना केला नाहीस. एका माळेचे मणी दोघं.

पक्षाघातानंतर त्यांचा एक डावा हात तेवढा उरला. जन्मभर बस चालवलेला माणूस, कॉटवरून खिडकीपर्यंत जाता येईना. एक दिवस म्हणाले, तो त्याचा खेळ लावून दे. सोळाव्या वर्षी घेतलेलं खेळातलं नाव तू अजून बदललं नव्हतंस, म्हणून लगेच सापडलास. वैद्याचं पात्र त्यांनी मुद्दाम निवडलं, कारण वैद्याला कुठलीही टोळी घेते. तू परशू घेऊन राक्षसांच्या अंगावर जायचास आणि पांढऱ्या दाढीचा वैद्यबुवा मागे राहून तुझ्या जखमा भरायचा. अडीच वर्षं, तो कोण ते तुला न कळता. नोकरी गेली ते तू त्याला सांगितलंस, लग्न मोडलं ते सांगितलंस, आपला बाप किती नीच आहे तेही सांगितलंस. बाबा सगळं वाचायचे आणि अंगठ्याने एकेक अक्षर दाबून विचारायचे, जेवलास का?

मला कधी विचारलं नाही. मी त्यांना अंघोळ घालायची, कूस बदलायची, घाण काढायची, फीही मीच भरायची. मी जवळ गेले की ते मान जरा बाजूला करायचे, मधे मी आले की स्क्रीन दिसत नसे.

एक गोष्ट तुला सांगितली नाही. मे महिन्यात त्यांचा तो हातही गेला आणि नजर अधू झाली. तेव्हापासून तुझं लिहिलेलं मी वाचून दाखवायची, ते पुटपुटायचे आणि मी टाईप करायची. ते गेल्यावर तू आलास, स्क्रीनवर वैद्यबुवा बघून जागच्या जागी बसलास आणि विचारलंस, शेवटचं त्यांनीच लिहिलं होतं का. मी हो म्हटलं.

काकूंच्या मुलाकडून तुला कळलं होतं की आता थोडेच दिवस आहेत. तू वैद्यबुवाला विचारलंस, म्हातारा चाललाय म्हणे, जाऊ का? मी ते बाबांना वाचून दाखवलं, जसंच्या तसं. त्यांचं वाकडं तोंड हललं. महिनाभरात एवढं स्पष्ट बोलले नव्हते.

"ये म्हणावं. आजच नीघ म्हणावं."

मी लिहिलं, "जाऊ नकोस. असले बाप मरतानाही सुधारत नाहीत."

आणि त्यांना सांगितलं, कळवलंय, निघालाय तो.

त्यानंतर ते अकरा दिवस जगले. बापाने मरतानाही माफ केलं नाही, हे तू मान्य केलंयस असं तुझ्या पत्रात आहे. करू नकोस. ते वाक्य माझं आहे. त्याआधीच्या तीन महिन्यांतलं कुठलं त्यांचं आणि कुठलं माझं, ते आता मलाही सांगता येणार नाही. फीचं म्हणशील तर ती भरायची गरज नाही. काल मी वैद्यबुवा काढून टाकला, तुमच्या गप्पांसकट.

मला पश्चात्ताप होतो, असं दोनदा लिहून खोडलं. खोटं कशाला लिहू? त्या अकरा दिवसांत जिन्यात पाऊल वाजलं की बाबा माझ्याकडे बघायचे. स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे. मी म्हणायची, "येईल हो, वाटेत आहे," आणि ते माझ्याकडे बघून हसायचे. असं ते माझ्याकडे बघून कधी हसले नव्हते. बारा वर्षांत तेवढेच दिवस मी सुखात काढले.

खाली आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. तो तुला माझ्याकडून नको असेल.

बाबांची मुलगी