बाबांच्या मागे उभा होता म्हणे

२ डिसेंबर
कार्यक्रम लावणाऱ्या पप्पूभाऊंना हो म्हटलं. म्हणायला नको होतं. पोस्टात काउंटरवर होते, समोर रांग, रजिस्टरची पाकिटं, त्यात त्यांचा फोन. "ताई, लोक अजून इचारतात. तो गिटारवाला अन ते खंजिरीवाली कुठं गेले म्हणून." घाईत हो म्हणून गेले.

म्हणजे धनंजयसोबत पुन्हा एका स्टेजवर. बारा वर्षांनी. अट घातली की स्टेजखाली मी त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही. पप्पूभाऊ म्हणाले, वर बोला म्हंजे झालं.

वर तर बोलावंच लागतं. आमचं निम्मं नाव गाण्यांचं, निम्मं दोन गाण्यांमधल्या भांडणाचं. मी टोमणा मारायचा, त्याने परतवायचा. लोकांना वाटायचं नवरा-बायको. नव्हतो. त्याने कधी विचारलं नाही आणि मी कधी वाट पाहिली नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

९ डिसें.
अकोल्यात तालीम. ध. ला चष्मा लागलाय, पोट सुटलंय. गिटार तीच. "पट्टी तेच ठेवाची का, इचार तिले," असं ड्रमवाल्या इरफानला सांगितलं. मी तीन फुटांवर उभी! मीही उत्तर इरफानलाच दिलं. बिचारा तीन तास आमचा पोस्टमन झाला होता.

आणि पहिल्याच गाण्यात, पहिल्याच ओळीला, दोघांचा श्वास एकाच जागी तुटला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. इतका राग आला की खंजिरी जोरात आपटली, एक चकती निखळली. बारा वर्षं मग गेली कुठे? अंगाला अक्कलच नाही.

१७ डिसें.
काल अमरावती. पायरीशी चपला काढल्या, पायरीला हात लावला, वर गेले. हॉल भरलेला. चौथ्या गाण्यानंतर भांडणाची जागा आली. ठरलेला टोमणा त्याच्या पोटावर होता. तो गाळला आणि माईकवर विचारलं, "काहून रे, कौंडण्यपूरले काहून नाही आला?"

ठरवून नाही विचारलं. तोंडातून निघालं.

त्याने चष्मा सारखा केला. मग म्हणे, "एसटी चुकली ना वो बाई." हॉल हसला. मीही हसले, दात दाखवून. हलकट.

तेव्हाचं कधी लिहिलं नाही, आज लिहिते. बारा वर्षांपूर्वी कौंडण्यपूरच्या जत्रेतला कार्यक्रम होता. हा आलाच नाही. मी एकटीने चाळीस मिनिटं काढली, त्याच्या ओळी आणि माझ्या ओळी दोन्ही म्हटल्या. तिसऱ्या गाण्याला शिट्ट्या. "गिटारवाला कुठं हाय?" मग संत्र्याच्या साली फेकल्या. पहिल्या रांगेत बाबा. मला ऐकायला आयुष्यात पहिल्यांदा आले होते, आणि त्यांनी हे ऐकलं. खाली उतरले तर म्हणाले, "चाल, बस भेटन अजून." त्या दिवसाबद्दल पुन्हा कधीच बोलले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात गेले.

ध. पुण्याला कुठल्याशा बँडमध्ये गेल्याचं मला दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांकडून कळलं.

२१ डिसें.
पोस्टात एक बाई म्हणे, "तुमी दोघं काय मस्त भांडता वो, खरंच वाटते." तिच्या पाकिटावर पिनकोड नव्हता टाकलेला. तिला परत पाठवलं.

२८ डिसें.
काल अकोला.

पुन्हा विचारलं. ह्या वेळी ठरवून. "काहून नाही आला?"

तो हसला नाही. गिटारचा पट्टा धरला. म्हणाला, "आलतो मी. तुह्या बाबाच्या मागं उभा होतो. माह्यी ओळ तू म्हणली. माह्यापेक्षा चांगली म्हणली. मंग मले वर चढनंच झालं नाही." थांबला. "माफ कर."

आणि मग टाळ्या. शिट्ट्या. एकजण उभा राहून ओरडला, "कर ना वो माफ!"

त्या टाळ्यांत मला पुढचं गाणं उचलावं लागलं. उचललं. बरोब्बर समेवर. आणि चांगलं म्हटलं, तेच सहन होत नाही.

उभा होता! म्हणजे सालीही पाहिल्या. बाबांच्या मागे उभं राहून पाहिल्या. चार पायऱ्या होत्या त्या स्टेजला, फक्त चार. न आलेल्या माणसावर बारा वर्षं चिडले, आता हा आलेला माणूस कुठे ठेवू? घरी येऊन भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

पण विचारल्यावर खरं बोलला. तेवढं मानलं. मनातल्या मनात.

३० डिसें.
क्लिप फिरतेय. पोस्टमास्तरांनीही पाहिली. पप्पूभाऊंचा फोन. "ताई, ते माफीवालं जबरदस्त झालं! वरूडवाले म्हणते तेच पाह्यजे."
म्हटलं, ते एकदाच असतं.
"काहून? गाणं नाही का पुन्हा म्हणत तुमी?"
फोन ठेवला. ध. असं करणार नाही. एवढी तरी लाज असेल.

५ जानेवारी
नाही. लाज नाही.

काल वरूड. मी विचारलंच नाही, तोंड घट्ट मिटून उभी. तर हाच म्हणतो, "तू आज इचारून नाही राहिली, मीच सांगतो." आणि सुरू. आलतो मी. तुह्या बाबाच्या मागं उभा होतो. शब्दाला शब्द. हात पट्ट्यावर तिथेच. थांबला तिथेच. "माफ कर"ला आवाज तसाच फाटला, त्याच जागी, आणि त्याचा आवाज कुठे फाटतो, कुठे तो फाडतो, हे मला त्याच्या आईपेक्षा जास्त कळतं.

वर आणखी एक भर. "निळी साडी होती तुह्या अंगावर." लोक आहाहा.

साडी! खंजिरी घेऊन मी साडीत कधी उभी राहिले? पिवळा कुर्ता होता, बाहीवर शिक्क्याच्या शाईचा डाग होता. सुटी मिळाली नव्हती, पोस्टातून तशीच गेले होते.

परतताना गाडीत पुढे बसले. मागे तो इरफानला सांगत होता की वरूडची संत्री ह्या वर्षी बारीक आहेत. संत्र्यांबद्दल बोलतोय!

६ जाने.
आता दुसराच किडा डोक्यात. तो तिथे होता तरी का? का अकोल्यात जागेवर रचलं? रचतो तो. आमची निम्मी भांडणं त्यानेच रचलेली. टाळी कुठे पडते हे त्याला झोपेतही कळतं.

आईला सगळं सांगितलं. आई शेंगा सोलत होती. म्हणाली, "तुले काय पाह्यजे? तो तिथं होता हे, का नव्हता हे?"
आईवर ओरडले. मग शेंगा सोलायला बसले.

८ जाने.
बाबांच्या मांडीवर माझ्या चपला होत्या.

जत्रेत चपला जातात, म्हणून वर चढण्याआधी त्यांच्याकडे दिल्या होत्या. त्यांनी पेपरात गुंडाळल्या आणि कार्यक्रमभर मांडीवर ठेवल्या, दोन्ही हातांनी धरून. साली पडत होत्या तेव्हाही. वरून दिसत होतं मला. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. बाबांच्या मागे कोणी उभं असेल तर त्याला दिसलंच असेल. नसेल तर त्याला कधीच कळणार नाही.

१२ जाने.
काल पुन्हा अमरावती, मागचाच हॉल. त्याने पट्ट्याला हात घातला, "आलतो मी" म्हणाला, आणि मी मध्येच तोडलं.

"माह्या बाबाच्या मांडीवर काय होतं?"

लोक हसले. त्यांना वाटलं नवीन विनोद येतोय. तो हसला नाही. हात पट्ट्यावरून खाली आला. हे कधी होत नाही, त्याचा हात मोकळा लोंबत नाही कधी. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या पायांकडे बघितलं. बराच वेळ. मी अनवाणी, नेहमीसारखी.

बोल ना, बोल, असं मनात चाललं होतं. तो वळला, इरफानला मान हलवली आणि पुढचं गाणं वाजवायला घेतलं. त्यात पहिली ओळ माझी. म्हणावी लागली. त्याची ओळ आली तेव्हा तो अर्धी मात्रा उशिरा आला. कोणाला कळलं नसेल. मला कळलं.

टाळ्या तर काय, छप्पर उडेल एवढ्या.

१३ जाने.
सकाळीच पप्पूभाऊ. "ताई, ते गप्प राहणं काय भारी झालं! बाळापूरले तेच ठेवा. फक्त लांबवू नका, अर्धा मिनिट बस."

शिवी दिली त्यांना. खरी, जोरात, काउंटरवरून. रांगेतला म्हातारा दोन पावलं मागे सरकला.

पायांकडे बघितलं, म्हणजे चपला आठवल्या? का मान खाली गेली आणि खाली माझे पाय होते? दोन्ही होऊ शकतं. परवा रात्रीपासून एकदा हे खरं वाटतं, एकदा ते. आणि बाळापूरला तो पुन्हा खाली बघेल, मोजून अर्धं मिनिट, मग मला कधीच कळणार नाही.

पुन्हा फोन केला पप्पूभाऊंना. माफी नाही मागितली. म्हटलं, बाळापूरला पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी ठेवा.
"कोनासाठी?"
ठेवा म्हटलं ना.

वर जाताना चपला पेपरात गुंडाळून त्या खुर्चीवर ठेवणार आहे. विचारणार काहीच नाही. फक्त गाणं म्हणेन आणि त्याच्याकडे बघत राहीन. त्याची नजर त्या खुर्चीवर गेली आणि तो तसाच गात राहिला, तर पुढच्या त्याच्या ओळीही मीच म्हणेन. ते मला येतं.

अडखळला तर काय करायचं, ते अजून ठरवलेलं नाही.