तिसऱ्या मजल्यावरचा खेकडा

४ मार्च
खेकडा आज एकदाचा चालला! जुन्या व्हिडिओ खेळात चालायचा तसाच — तिरका, मध्येच थबकणारा. दीपस्तंभाचा रखवालदार वरचा दिवा लावायला एकेक मजला चढतो; तिसऱ्यावर खेकड्यावरून उडी चुकली की संपलं.

हा खेळ आता कुठल्याच नव्या यंत्रावर चालत नाही. म्हणून मी आणि चष्मिष तो पहिल्यापासून बांधतोय. चष्मिष म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा. त्याचा हेका — "मूळ खेळाला धक्का नको." माझा हेका — ताईला खेळता आलं पाहिजे.

७ मार्च
लहानपणी कोपऱ्यावरच्या दुकानात ताई हा खेळायची, मी पडद्यावरच्या सूचना वाचून सांगायचे. घरात वाचायला शिकलेली मी पहिलीच. डाव्या हाताने चालायचं, उजव्याने उडी.

कारखान्यातल्या यंत्राने ताईच्या उजव्या हाताची बोटं नेली. तेव्हापासून ती कुणाला काही करू देत नाही. शर्टाची बटणं एका हाताने लावते, कितीही वेळ लागो. केस नुसते क्लिपमध्ये कोंबते. आई वेणी घालायला गेली की, "मी काय बाहुली आहे?"

१२ मार्च
उडीचं बटण डाव्या हाताशी आणलं. सूचना माझ्या आवाजात घातल्या. उजवा हात मांडीखाली दाबून खेळून पाहिलं — खेकड्याने दर वेळी खाल्लं. ताई पहिल्याच डावात उठून गेली तर? पुन्हा बसायचीच नाही.

१३ मार्च
खेकडा जवळ आला की गुपचूप मंद होईल असं केलं. चष्मिषलाही सांगितलं नाही. मी — जी दुसऱ्याचं पेनसुद्धा विचारल्याशिवाय उचलत नाही.

१५ मार्च
खेळ घरी आणला. ताईने खेकडा पहिल्याच फटक्यात पार केला. आई म्हणाली, "बघ, जमलं की!"

ताईने डाव पुन्हा सुरू केला, तिसऱ्या मजल्यावर गेली आणि मुद्दाम उशिरा उडी मारली. तरी वाचली.

"हा थांबला माझ्यासाठी. हा कधी कुणासाठी थांबायचा नाही."

"तूही आईसारखीच." उठून गेली.

१६ मार्च
ताई ताट घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन जेवली.

१७ मार्च
चष्मिषला सगळं सांगितलं. वाटलं, आता फाडून खाणार. तो चष्मा पुसत राहिला. म्हणाला, "मंद केलंस त्याचं काही नाही. न विचारता केलंस."

खरंच होतं ते.

१९ मार्च
ठरलं. मदत राहणार, पण उघड. सुरुवातीलाच विचारायचं: खेकड्याचा वेग — मूळचा, निम्मा की त्याहून कमी? काही निवडलं नाही तर मूळचा. बदलायचा तो खेळणाऱ्याने. "मध्येच केव्हाही बदलता येईल" हे माझ्या आवाजात पुन्हापुन्हा घ्यावं लागलं.

२२ मार्च
ताईला काय बदललं ते सांगितलं. "बघू," म्हणाली आणि बसली. वेग मूळचाच ठेवला.

हरली. परत हरली. "थांब मेल्या, बघते तुझ्याकडे," — हे खेकड्याला. मी शेजारी हाताची घडी घालून, ओठ चावत बसले.

शेवटी तिने स्वतःच वेग निम्म्यावर आणला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्तापुरता हं." मग पार वरपर्यंत गेली. दिवा लावला.

२३ मार्च
सकाळी ताई फणी घेऊन आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. "घट्ट घाल. सैल घातलीस तर सोडून टाकीन."